पैलवानांचा फेटा आणि आमचं म्युझियम

जुन्या वस्तू गोळा करायला गेलं की वस्तूंच्या आधी संशयच गोळा होतो. सन ऐंशीच्या आसपास आम्ही चार मित्रांनी सीमाभागातल्या बेळगुंदीत तालमीशेजारच्या खोलीत गावचं म्युझियम काढलं. पगार नाही, तिकीट नाही. तरी गावाचं एकच, "फुकट कोण कशाला करतंय रं? काय तरी गोम हाय."

*

मळ्यातल्या आप्पांनी पितळी कुलूप दिलं. लई देखणं. चावी मागितली तर म्हणाले, "कुलूप बघाय ठेवा. चावी घरात ऱ्हाऊ दे." दर बाजारच्या दिवशी यायचे आणि चावी फिरवून खात्री करायचे, कुलूप आपलंच आहे ना!

*

पाटी मराठीत लावली तर सरकारी जीप येणार, कन्नडात लावली तर गाव भांडायला येणार. म्हणून पाटीच लावली नाही. तरी एकदा जीप आली. दोन सफारीवाले उतरले. आमच्यातल्या बाळूअण्णाला वाटलं, आली धाड.

"इथं काय आहे?"

"गोडाऊन."

बिचारे हिरमुसून गेले. जवळच्या मच्छे गावच्या फॅक्टरीतले होते, खास म्युझियम बघायला आलेले.

*

आणि तानाक्का. त्यांचे मालक नामी पैलवान, नुकतेच वारलेले. नंदगडची कुस्ती मारली तेव्हाचा फेटा घरात बांधलेला तसाच होता. तो देताना आक्कांनी बजावलं, "माझ्याजवळ त्येंचं एवढंच ऱ्हायलंय. बदललासा तर बघा." पैलवानांची बांधणी पंचक्रोशीत गाजलेली. आम्ही खाली कार्ड लावलं, 'पैलवानांनी स्वतःच्या हातानं बांधलेला फेटा.' आक्का दर सोमवारी येऊन बघून जायच्या.

पावसाळ्यात फेट्याला कुबट वास सुटला. बाळूअण्णानं मोठ्या भक्तीनं तो सोडला, धुतला, इस्त्री केली आणि परत बांधून ठेवला.

सोमवारी आक्का दारातच थांबल्या. "ह्यो त्यो न्हाय."

"त्योच हाय आक्का, आईशप्पत."

"कापड त्येच हाय. बांधणी न्हाय." त्यांचे डोळे भरले. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ती बांधणी आणायची कुठून? पैलवान तर गेले.

आक्कांनी पदरानं डोळे पुसले. फेटा सोडला, बाळूअण्णाला खाली बसवलं आणि त्याच्या डोक्यावर भराभरा बांधून काढला. तीच बांधणी, तोच तुरा. आम्ही बघतच राहिलो.

"त्येंस्नी कुठं येत हुतं?" आक्का म्हणाल्या. मग कार्डाकडं बोट केलं. "काय लिवलंय?"

बाळूअण्णानं वाचून दाखवलं, आणि कार्ड काढायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाल्या. "तसंच ऱ्हाऊ दे."