तुबलीचे गायकवाड, सिसिलीचं पाणी

कोणाच्याही घरी गेले की गायकवाड पाण्याचा ग्लास हातात धरून आधी विचारायचे, "हे येतं कुठून?" पहिल्या भेटीत मी "नळातून" म्हणालो आणि त्यांच्या मनातून उतरलो. बँकेतला माणूस, मला काय ठाऊक!

मूळचे परभणीचे गायकवाड इकडे आखातात, तुबलीतल्या एका वर्कशॉपमध्ये पंप दुरुस्त करत. वेड मात्र सिसिलीचं. इटलीच्या टोकाशी असलेलं ते बेट त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण डब्याशेजारी त्यावरचं पुस्तक ठरलेलं. "राजे मोजू नका हो," ते म्हणत, "कोण काय लावून गेलं ते बघा."

इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्याख्यानमालेत त्यांना बोलायचं होतं. तीन वर्षं आम्ही नकार दिला. "पंपवाला काय इतिहास सांगणार?" हे वाक्य माझंच. चौथ्या वर्षी जेवणाआधीची पंधरा मिनिटं कशीबशी दिली. वक्त्याचा परिचय पदव्यांसकट करून द्यायची आमची रीत. यांना पदवी नाही, म्हणून मी शक्कल लढवली आणि "जलव्यवस्थापनातले तज्ज्ञ" असं सांगून मोकळा झालो.

गायकवाडांनी माईक घेतला. "साहेब लाजले वाटतं. मी पंप मेकॅनिक आहे."

हशा पिकला. माझे कान तापले.

"ग्रीकांनी द्राक्षं लावली," ते सांगू लागले. "रोमनांना नुसता गहू पाहिजे होता. अरबांनी पाट काढले, रहाट बसवले, लिंबू-संत्री आणली. नॉर्मनांनी राज्य जिंकलं, पण पाट बुजवले नाहीत, अरब माळीही ठेवून घेतले. तिथला शेतकरी पाटाला अजून अरबी शब्दच वापरतो. पुढं जमीनदार माजले, तशी माणसं बोटीत बसून परदेशी गेली. आपल्यासारखीच." मग म्हणाले, "पाणी कुणी प्यायचं हे ठरवतो, तोच खरा राजा. हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही, गावच्या विहिरीवरच कळलं."

पंधरा मिनिटं कधीच उलटली होती. अध्यक्ष "यल्ला, चला आता, जेवण गार होतंय" म्हणाले, तर मागून चार जण ओरडले, "बसा हो!"

माझी मुलगी उठली. "अंकल, देन हू इज द रिअल सिसिलियन?"

"झाडाला पाणी घालतो तो, बेटा."

सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेनात. सर्वांत जोरात मीच वाजवत होतो. हरल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.