कोच टॉलिव्हर यांचे करंडक

वॉटर स्ट्रीट हायस्कूल बंद झालं त्या, एकोणीसशे सत्तरच्या, उन्हाळ्यात लेम्युएल टॉलिव्हर एकोणपन्नास वर्षांचे होते. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या त्या लहानशा गावातली काळ्या मुलांची ती एकमेव मोठी शाळा, आणि टॉलिव्हर तिथे बावीस वर्षं, हातात चेंडू घेऊन पळायच्या अमेरिकी फुटबॉलचे कोच. आता काळी-गोरी मुलं एकाच शाळेत शिकतील, असा कोर्टाचा हुकूम आला होता. हे व्हावं म्हणून टॉलिव्हर स्वतः मोर्च्यात चालले होते, दोन दिवस कोठडीतही बसून आले होते. त्यांना वाटलं होतं, दोन शाळा एक होतील. झालं असं की गोऱ्यांची शाळा राहिली आणि वॉटर स्ट्रीटला कुलूप लागलं.

त्यांना गोऱ्यांच्या शाळेत घेतलं, पण काम काय, तर मुलांना हेल्मेटं वाटायची, गोळा करायची आणि बाहेरगावच्या सामन्यांना बस चालवायची. मुख्य कोच डेल होब्सननं अजून तिशीही गाठली नव्हती. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "लेम, तू सामानाकडे बघ. खेळाचं माझ्यावर सोड."

"बरं, मिस्टर होब्सन."

काळ्यांच्या वस्तीत पार शेंबड्या पोरापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळे त्यांना 'कोच' म्हणत. घरी आल्यावर त्यांची बायको ऑरेलिया भडकली. "तीनदा राज्यात पहिला आणलास संघ, आणि आता हेल्मेटांचे पट्टे पुसतोस?"

"आपली मुलं आहेत तिथं. त्यांना एकटं सोडू?"

मुलं होती, पण बाकावर. क्लीओफस मॅडॉक्स, म्हणजे वस्तीचा क्ली, चेंडू घेऊन सुटला की चौघांना आवरत नसे. होब्सननं त्याला दोन सामने नुसतं पाणी पाजायला बसवलं.

मग सप्टेंबरातला तो शनिवार आला. कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाचा संघ अलाबामातल्याच बर्मिंगहॅमला खेळायला आला होता. त्यांच्यात काळे खेळाडू भरपूर. समोर अलाबामा विद्यापीठाचा संघ, मैदानात उतरलेला एकूण एक गडी गोरा. टॉलिव्हर न्हाव्याच्या दुकानात रेडिओला कान लावून बसले होते. पाहुण्यांचा एक धिप्पाड काळा गडी अंगावर येणाऱ्यांना घेऊनच पुढे जात होता. बेचाळीस विरुद्ध एकवीस!

"ऐकलंत का, कोच? त्यांच्याच अंगणात लोळवलं त्यांना!" न्हावी ओरडला. हातातला वस्तरा त्यानं तसाच हवेत धरला होता.

"अरे, तो वस्तरा ठेव आधी, नाहीतर माझाच गळा जाईल," खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं, आणि दुकान हसून लोटपोट झालं. टॉलिव्हरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आता गोऱ्यांचे डोळे उघडतील, असं त्यांना मनापासून वाटलं.

डोळे उघडलेही. सोमवारी होब्सन सामानाच्या खोलीत आला. "लेम, त्या मॅडॉक्सला तू कसं पळवायचास? काही लिहून ठेवलंय?"

टॉलिव्हरांनी आपली वही दिली. बावीस वर्षांचे सगळे डाव तिच्यात होते. उद्यापासून आपण मैदानावर, म्हणून त्यांनी जुनी शिट्टीसुद्धा खिशात टाकली.

होब्सननं वही काखेत मारली. "झकास. उद्यापर्यंत तुटलेले पट्टे शिवून ठेव."

त्यानंतर संघ ओळीनं सात सामने जिंकला. ज्यांनी शाळेच्या दारात काळ्या मुलांवर थुंकायला कमी केलं नव्हतं, तेच लोक उभं राहून 'क्ली! क्ली!' ओरडू लागले. गावच्या पेपरात होब्सनचा फोटो आला. त्याच्या नव्या डावांचं कौतुक छापून आलं.

नोव्हेंबरात टॉलिव्हर हेडमास्तरांकडे गेले. हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. "साहेब, मुख्य नको, चौथा कोच करा. पण मला शिकवू द्या."

"लेम, काळं पोरगं पळालं तर लोक टाळ्या वाजवतात," हेडमास्तर शांतपणे म्हणाले. "पण काळा माणूस गोऱ्या पोरांना हुकूम सोडतोय, हे गावाला अजून पचायचं नाही. जरा दमानं घे."

टॉलिव्हर म्हणाले, "निदान वॉटर स्ट्रीटचे करंडक दर्शनी कपाटात लावू?"

"ते होय? इमारत रिकामी केली तेव्हाच टाकून दिले की उकिरड्यावर."

त्याच दुपारी ते गावाबाहेरच्या उकिरड्यावर गेले. ऑरेलिया सोबत होती. चार महिन्यांचा कचरा त्यावर चढला होता. टॉलिव्हर हातांनीच उपसू लागले. कुजलेली पानं, डबे, फुटक्या बाटल्या. एक करंडक मिळाला, त्याचा कान तुटलेला. मग आणखी तीन. मग एकोणीसशे अठ्ठावन्नच्या संघाचा फोटो, भिजून त्यातले चेहरे गेलेले.

"लेम, हात कापलाय तुझा. बस कर."

"एकोणीस होते, ऑरेलिया. एकोणीस."

"लेम!"

ते त्या घाणीतच खाली बसले. "मीच मागितलं होतं हे. याच्यासाठीच कोठडीत बसलो होतो मी."

ऑरेलियानं आपल्या एप्रनचा तुकडा फाडला आणि त्यांचा हात बांधला.

त्यांनी अकरा शाळांना अर्ज धाडले. दोनच शाळांचं उत्तर आलं, दोन्ही नकार. नाताळात राजीनामा देऊन ते कागदाच्या गिरणीत लागले.

फेब्रुवारीत क्लीची आई व्हर्सी लिंबाचा केक घेऊन आली. क्लीला अलाबामा विद्यापीठाच्या संघात जागा मिळाली होती, शिक्षण फुकट. "कोच, तुमच्यामुळे झालं हो हे! कुठायत कोच?"

टॉलिव्हर आत मोरीत होते. नळ सोडून, दार लावून. बाहेर ऑरेलियानं कॉफी केली, केक कापला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. व्हर्सीला काय कळायचं ते कळलं. ती उठलीच होती, तेवढ्यात दार उघडलं. टॉलिव्हरांचा चेहरा ओला होता, डोळे लाल.

"त्याला म्हणावं," ते म्हणाले, "डावीकडे सुटला की चेंडू डाव्या काखेत घे. अजून विसरतो तो."

"सांगते, कोच."

मग त्यांनी जेवणाचा डबा उचलला आणि दुसऱ्या पाळीला गिरणीवर गेले.