रिव्हर्समध्ये निघालेली हळद

सदर इसम नामे चांदपाशा, वय छप्पन्न, राहणार उस्मानपुरा, धंदा रिक्षा, बांधा मजबूत, दाढीस मेंदी, हा आपल्या ताब्यातील तीनचाकी वाहन पाठीमागच्या बाजूने पुढे चालवीत असताना पडेगाव येथे मिळून आला.

एवढं कागदावर आहे. कागदावर नाही ते असं, की उस्मानपुऱ्यातल्या संस्कृतीला बालवाडीपासून दहावीपर्यंत चांदपाशानंच शाळेत सोडलं. तिचं लग्न वेरूळच्या मुलाशी ठरलं, तेव्हा नवऱ्याची उष्टी हळद मीच आणणार, असं त्यानं आपणहून जाहीर केलं. ती आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. लग्न साडेबाराचं, अकराच्या आत पोचणं भाग होतं.

हळदीची वाटी घेऊन नवऱ्याची आत्या आवडाबाई वेरूळला रिक्षात बसली. दौलताबादला तिला रस्त्याकडेची सीताफळं दिसली. चांदपाशानं दहा हात रिक्षा मागं घेतली. सीताफळं घेऊन झाली. रिव्हर्सचा खटका मात्र जागचा हलेना. गिअर चारही पडत होते, पण चारही मागंच नेत होते.

“आत्याबाई, दुसरी रिक्षा बघतो.”

“अन् हळद? नवऱ्याच्या दारातनं निघाली ती नवरीच्याच दारात उतरती. मधी गाडी बदलत नाय.”

“मग?”

“मागं जाती ना? मग मागंच घ्या. आधी तोंड फिरवा तिचं.”

किल्ल्यासमोर रिक्षाचं तोंड वेरूळकडं करण्यात आलं. या गावासाठी एका सुलतानानं अख्खी दिल्ली हलवली होती आणि पुढं परतही पाठवली होती. त्यामुळं बघ्यांपैकी कुणी फारसं विचलित झालं नाही. आवडाबाईनं मागची ताडपत्री गुंडाळली, सीटवर गुडघे टेकले आणि वाट दाखवायला घेतली. “येऊ द्या… येऊ द्या… म्हैस हाय… येऊ द्या.”

मिटमिटा गावाजवळ संस्कृतीचा फोन आला. आवडाबाईनं तो चांदपाशाच्या कानाला लावला.

“चाचा, कुठं आहात?”

“बेटा, तोंड वेरूळकडं हाय, पण येतोय तुझ्याकडंच.”

पडेगावात हवालदार गोकुळ दाभाडे आडवे आले. “रिक्षा सरळ करा.”

“सरळच हाय साहेब. चालतीये तेवढी उलटी.”

“उतरा खाली. लिहावं लागंल.”

सव्वादहा झाले होते. चांदपाशानं हात जोडले. “साहेब, दस्तखत आत्ताच घ्या, नंतर पायजे तर आत टाका. पोरगी पाटावर बसून हाय.”

“उभ्यानं कशाला लिहिता?” आवडाबाई सरकली. “या, जागा लई हाय. सीताफळ खाता?”

हवालदारांनी रस्त्याकडं बघितलं, सीताफळाकडं बघितलं, आणि तपास चालू ठेवण्यासाठी आत बसले. छावणीपर्यंत नाव आणि वय झालं. पुढं गर्दी लागली, तशी शिट्टी तोंडात धरून ते एका हातानं लिहीत होते आणि दुसऱ्यानं टेम्पो थांबवत होते. गतिरोधक आला की आवडाबाई वाटी सांभाळी, हवालदार कागद.

कागदाची शेवटची ओळ अशी: ‘सदर वाहन पडेगाव येथेच तात्काळ रोखून धरण्यात आले.’ ही ओळ हवालदारांनी उस्मानपुऱ्यात, मांडवातल्या खुर्चीवर बसून लिहिली. संस्कृतीला हळद पावणेअकराला लागली.