जयतीर्थरावांचं नरसाळं

जयतीर्थराव तंजावूरच्या कलेक्टर कचेरीत महसुली कारकून होते, आणि कचेरी सुटल्यावर वीणेच्या खुंट्या करत. पोटासाठी नव्हे. तरुण असताना एका मैफलीत त्यांनी पाहिलं होतं की वाजवणारा माणूस दर थोड्या वेळानं थांबून तीच एक खुंटी पिळतोय, आणि तार पुन्हा उतरतेच आहे. दुसऱ्या दिवशी ते वीणा घडवणाऱ्या सुब्रमण्यम आचारींच्या शेडमध्ये गेले आणि असं का होतं म्हणून विचारलं. तिकडे कारागिराला आचारी म्हणतात; हा आचारी कमी बोलणारा माणूस. त्यांनी दोन खुंट्या रावांच्या हातात ठेवल्या आणि डोळे मिटून वीणेच्या भोकात फिरवून बघायला सांगितलं. एक भोकात बसल्यावर किंचित डुलत होती. दुसरी जिथे थांबवली तिथेच थांबत होती, जणू लाकडाला लाकूड ओळखत होतं. राव त्या दिवशी कचेरीत उशिरा पोचले.

त्यानंतर पंधरा वर्षं त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या पडवीत शिसवीच्या खुंट्या होत राहिल्या. लाकूड कातायचा चरक हातानं ओढायचा होता. पट्टा ओढायला रावांची बायको अंबाबाई बसायच्या आणि राव पटाशी धरायचे. बाई पट्टा ओढता ओढता लाकूड बघायच्या. कुठे पटाशी अडकणार हे त्यांना आवाजावरून कळायचं, आणि त्या आधीच हात सैल सोडायच्या. तीन खुंट्या झाल्या की भात उतरवायला उठायच्या.

एकोणीसशे छप्पन्न साली एक बंद पडलेला सोड्याचा कारखाना लिलावात निघाला आणि तिथली अर्ध्या अश्वशक्तीची मोटर रावांच्या घरी आली. चरकाला मोटर लागली. मग एक छोटी गोल करवत आली, मग घासायची फिरती तबकडी. लॉरीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून आचारींच्या लोहारानं नव्या पटाश्या ठोकून दिल्या. पहिल्या संध्याकाळी मोटर सुरू झाली तेव्हा अंबाबाई सवयीनं पट्ट्याच्या जागी येऊन बसल्या होत्या. चरक आपला आपण फिरताना पाहून त्या जरा वेळानं उठल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या.

"आता मजला काम नाही म्हणा," त्या म्हणाल्या.

"बसून बघा की," राव म्हणाले.

हाताच्या चरकावर लाकडाची लांब, वळलेली सालपटं निघायची. ती झाडूनं गोळा होत आणि चुलीत जात. मोटरवर आणि तबकडीवर पीठ निघू लागलं. शिसवीचं जांभळट काळं पीठ, सुंठेच्या पुडीहून बारीक. ते भांड्यांवर बसायचं, वाळत घातलेल्या ओल्या पंच्यांवर डाग पाडायचं, आणि रावांच्या छातीत जायचं. पहिल्या वर्षी शिंका आल्या. दुसऱ्या वर्षी खोकला आला आणि गेलाच नाही. अठ्ठावन्नच्या पावसाळ्यात चार पायऱ्या चढून त्यांना तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसावं लागू लागलं.

डॉक्टर वेंकटराव लांबचे नात्यातले. त्यांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"लाकूड सोडा," ते म्हणाले.

"थोडं थोडं केलं तर?"

"अण्णा, ऐसंच चाललं तर दोन वर्षांनी मी औषध घेऊन येणार नाही. नुसता येऊन बसेन तुमच्याजवळ."

रावांनी घरी येऊन चरकावर जुनं धोतर टाकलं. पटाश्यांना तेल लावून त्या कापडात गुंडाळल्या. आठ महिने त्यांनी पडवीचं दार उघडलं नाही. खोकला निम्म्यावर आला, पण माणूसही निम्म्यावर आला, असं अंबाबाई शेजारच्या कामाक्षी मामीला सांगायच्या. संध्याकाळी राव तिण्णैवर बसून राहायचे, आणि त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरायचा, खुंटीचा उतार तपासल्यासारखा.

एकोणसाठच्या मार्चमध्ये भाताच्या साठ्याची तपासणी निघाली आणि रावांना पापनाशमला एका भातगिरणीत पाठवण्यात आलं. गिरणीचं नाव ऐकूनच ते धास्तावले, कारण भातगिरणी म्हणजे कोंड्याचं धुकं. नाकाला पंचा बांधूनच ते आत शिरले. जुन्या भागात तसंच धुकं होतं. पण मागच्या नव्या खोलीत यंत्रं धडधडत होती, भात भरडला जात होता, आणि खोलीत मात्र समोरच्या भिंतीवरचा कॅलेंडरचा आकडा स्वच्छ वाचता येत होता. रावांनी पंचा खाली ओढला. श्वास घेतला. पुन्हा घेतला.

तेवढ्यात यंत्रामागून कोणीतरी एका निसटलेल्या पट्ट्याला मराठीत शिव्या घालताना ऐकू आलं. तंजावूरबाहेर, भातगिरणीत, घरची भाषा. शिव्या देणारा बाहेर आला. पन्नाशीचा, ग्रीसनं माखलेला, कानात जुनी बाळी. सूर्यनारायण नावाचा गिरणीचा फिटर.

"तुम्ही आमच्यातले?" रावांनी विचारलं.

सूर्यनारायण ओशाळला. "ऐकलंत काय? क्षमा असावी."

"ते राहू द्या. इथला कोंडा कुठे जातो?"

सूर्यनारायणानं त्यांना बाहेर नेऊन वर बोट दाखवलं. छताच्या बाहेर पत्र्याचं एक उंच नरसाळं उभं होतं. वर गोल पिंप, खाली निमुळतं होत गेलेलं, आणि टोकाला पोतं बांधलेलं. खोलीतून गेलेला एक नळ त्या पिंपाच्या कडेला तिरका शिरत होता. वरच्या तोंडातून वारा बाहेर येत होता. राव शिडीनं वर गेले, मधल्या पायरीवर दम खायला थांबले, आणि त्या वाऱ्यात हात धरला. हात कोरडा आणि स्वच्छ राहिला.

"आत चाळणी आहे?"

"नाही."

"कापड?"

"काही नाही, राव."

"मग कोंडा खाली आणि वारा वर, हे करतो कोण?"

सूर्यनारायणानं जेवणाच्या सुट्टीत यंत्र थांबल्यावर पिंपाच्या बगलेची झडप उघडून दिली. रावांनी आत डोकं घातलं. त्यांना वाटलं होतं की काही पाती असतील, जाळी असेल, काहीतरी गुंतागुंतीचं असेल. आत काहीच नव्हतं. गुळगुळीत पत्रा आणि अंधार.

"वारा कडेनं शिरतो," सूर्यनारायण बोटानं हवेत गोल काढत म्हणाला. "गरगर फिरतो. कोंडा जड, तो बाहेर फेकला जातो, पत्र्याला घासत घासत खाली उतरतो. वारा हलका, तो मधून वळून वर जातो. येवढंच."

राव डोकं बाहेर काढेनात. बाहेर माणसं शिट्टी झाल्यावर कामाला लागली तरी ते तिथेच होते. पुढे ते कोणालाही हे सांगताना याच ठिकाणी थांबायचे. देवळात गाभाऱ्यापुढे उभं राहावं तसं त्यांना त्या रिकाम्या पिंपात डोकं घालून वाटलं होतं. कोणी हात न लावता, कोणी निवडत न बसता, जड आणि हलकं आपलं आपण वेगळं होत होतं.

साठ्याची तपासणी त्या दिवशी पुरी झाली नाही. त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं.

त्यानंतरचे रविवार सूर्यनारायण बसच्या टपावर पत्रा टाकून तंजावूरला येऊ लागला. गिरणीचं नरसाळं दोन मजली होतं, रावांना हवं होतं माणसाएवढं. निमुळतं टोक पत्र्यातून कापायचं तर आधी ते सपाट कसं दिसेल हे आखायला हवं होतं. दोघं पुरुष कागदावर भांडत बसले. अंबाबाईंनी थोडा वेळ ऐकलं, मग तांदळाच्या पिठाची वाटी घेतली, अंगणात खिळा ठोकला, त्याला दोरी बांधली आणि रोजचं कोलम, दारापुढची रांगोळी, काढावं तशा सहज हातानं जमिनीवर मोठी गोल फाक काढली. सूर्यनारायणानं त्या पिठाच्या रेघेवरच पत्रा ठेवला. कापून वळवला तेव्हा कडा एकमेकींना चिकटून बसल्या.

मोटरीनं फिरणारा पंखा नरसाळ्याच्या वरच्या नळाला लावला, म्हणजे तो आतून वारा ओढेल. चरक, करवत आणि तबकडी यांच्या तोंडाशी रुंद पत्र्याचे जबडे बसवले. खाली झाकणाचा डबा. साठ सालच्या मार्चमध्ये सगळं जोडून झालं.

"पडवीत मी उभी राहणार," अंबाबाई म्हणाल्या. "तुम्हास डॉक्टरांनी मना केलंय."

"तुम्हास पटाशी धरता येईल?"

"पंधरा वर्षं काय पाहत होते मी?"

त्यांनी पदर नाकावर आवळला आणि शिसवीचा तुकडा चरकात धरला. राव अंगणात खिडकीशी उभे राहिले. पडवीत धूळ खरंच उडाली नाही. राव हसू लागले, इतक्यात वरून, शेजारच्या गच्चीवरून, कामाक्षी मामीचा आवाज आला. पंख्याचं तोंड त्यांच्या गच्चीकडे होतं, आणि सगळं जांभळं पीठ त्यांच्या वाळत घातलेल्या वडामांवर, म्हणजे तांदळाच्या कुरडयांवर, पडलं होतं.

"राव," मामी शांतपणे म्हणाल्या, "हे तळून तुमच्याच घरी पाठवते."

डब्यात चिमूटभरही धूळ नव्हती. नरसाळं धूळ वेगळी करत नव्हतं, नुसतं पुढे ढकलत होतं. पुढचे तीन आठवडे रावांनी नळाचा तिरपेपणा बदलला, टोक लांब केलं, वरचा नळ आखूड केला. काही फरक पडेना. सूर्यनारायण म्हणाला, लहान नरसाळ्याला जमत नसेल. रावांना ते पटेना. त्यांनी आत डोकं घातलं होतं, त्यांना माहीत होतं की तिथे लहानमोठं काही नसतं.

एका गुरुवारी अंबाबाई देवाची उदबत्ती घरभर फिरवत पडवीत आल्या. राव मोटर चालू करून नुसतेच ऐकत बसले होते. डब्याजवळून जाताना उदबत्तीचा धूर आडवा झाला आणि झाकणाच्या फटीतून आत ओढला गेला.

दोघांनीही ते पाहिलं.

"इथून वारा घेतो," बाई म्हणाल्या.

राव खाली बसले. खाली उतरलेली धूळ त्या फटीतून शिरणारा वारा पुन्हा उचलून वर नेत होता. येवढं मोठं नरसाळं केसाएवढ्या फटीनं निकामी केलं होतं. त्यांनी सायकलची जुनी ट्यूब कापली, झाकणाच्या कडेला कडी करून बसवली आणि वरून दाबाचे आकडे लावले. उदबत्ती पुन्हा फिरवली. धूर सरळ वर गेला.

अंबाबाईंनी चरक सुरू केला. रावांनी पंख्याच्या तोंडावर धुतलेला पंचा धरला. दोन खुंट्या कातून झाल्या, एक तबकडीवर घासून झाली. पंचा पांढराच राहिला. पडवीच्या पत्र्याला एक भोक होतं, त्यातून उन्हाची तिरीप चरकावर पडली होती. एरवी त्या तिरिपेत धूळ नाचायची. आज ती कोरी होती, नुसतं ऊन. राव खिडकीतून तिच्याकडे पाहत राहिले. अंबाबाईंनी मोटर बंद केली, पदर सोडला, आणि त्याही पाहत राहिल्या.

वेंकटरावांनी आधी दाद दिली नाही. दर महिन्याला छाती ऐकायच्या अटीवर त्यांनी रोज अर्धा तास काम मान्य केलं, मग एक तास. वर्षभरानं त्यांनी नळी कानातून काढली आणि विचारलं, "ते यंत्र मजला दाखवता का?"

पण खरं दाखवायचं होतं सुब्रमण्यम आचारींना. ते बासष्टच्या थंडीत आले, नव्या खुंट्या घ्यायला. आचारी साठीचे होते आणि खोकत बोलायचे. त्यांचे वडील, अप्पा, पन्नाशीत खोकूनच गेले होते, थोरला भाऊही. त्यांच्या घरात याला कोणी आजार म्हणत नव्हतं. फणसाच्या लाकडातून वीणा कोरणाऱ्या माणसाला खोकला असतो, जसे सुताराच्या हाताला घट्टे असतात.

रावांनी त्यांच्यासमोर काम केलं. आचारी चरकाकडे बघत नव्हते, हवेकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "हे माझ्या शेडमध्ये चालेल?"

महिनाभरात चाललं. अंबाबाईंनी तिथल्या अंगणात पिठाची फाक काढली, सूर्यनारायणानं पत्रा वळवला, रावांनी झाकणाला ट्यूब लावून उदबत्ती फिरवली. आठ दिवसांनी आचारींनी राव दांपत्याला बोलावून घेतलं. त्यांनी डब्याचे आकडे काढले आणि झाकण उचललं.

डबा काठोकाठ भरला होता. फणसाचं पिवळंधमक पीठ, हळदीसारखं मऊ. आचारींनी त्यात हात घातला. तो मनगटापर्यंत गेला, मग कोपरापर्यंत.

"आठ दिवसांचं," ते म्हणाले.

आचारींनी मूठ भरून बाहेर काढली आणि तळहात उघडून बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. ते वर्षं मोजत होते, की माणसं, हे रावांना कळलं नाही.

"अप्पांनी हे खाल्लं," शेवटी आचारी म्हणाले. "आम्हाला वाटायचं, लाकूड आपला वाटा घेतं."

त्यांनी मूठ परत डब्यात सोडली, हात झटकला, आणि अंबाबाईंकडे वळून सांगितलं की पलीकडच्या गल्लीत त्यांच्या चुलत भावांच्या चार शेडी आहेत. तिथली अंगणं शेणानं सारवून तयार ठेवायला त्यांनी कालच सांगून ठेवलंय.