पाठीवरची फळी

चाकूरच्या बसस्टँडजवळ निजामोद्दीन यांचं सीट कव्हरचं दुकान आहे. मोटारसायकलच्या सीटा, ट्रॅक्टरचं छत, टेम्पोची ताडपत्री, सगळं ते शिवतात. मी शिकवतो ती शाळा तिथून जवळ, म्हणून वीस वर्षांची ओळख. आम्ही त्यांना निजामभाई म्हणतो. बोलणं कमी, टाका पक्का. स्वतः सातवीत शाळा सोडलेल्या या माणसानं एकुलत्या एका मुलाला, मुज्तबाला, विष्णुपुरीच्या कॉलेजात ठेवून इंजिनिअर केलं.

मुज्तबाला लातूरला एका बांधकामवाल्याच्या ऑफिसात काम लागलं. घरांचे नकाशे काढायचे, साइटवर जायचं, तिथंच बदल करून दाखवायचे. लॅपटॉप स्वतःचा आणायचा, ही अट. पस्तीस किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, रोज मोटारसायकलवर.

सुरुवातीला तो लॅपटॉप मागच्या सीटवर हुकाच्या रबरानं बांधायचा. एका गतिरोधकावर रबर निसटलं. मागून येणाऱ्या जीपनं उरलंसुरलं काम केलं. आत आठ दिवसांचे नकाशे होते. साहेबानं सगळ्यांसमोर झापलं. मुज्तबा घरी आला आणि न जेवता भिंतीकडं तोंड करून पडला.

"तू नवा आण," निजामभाई म्हणाले. "फुटू न देण्याचं माझ्याकडं."

तीन दिवस खपून त्यांनी पाठीवरची बॅग शिवली. दोन्ही अंगांना प्लायवूडची फळी, आत आणि पाठीकडं फोम, वरून ताडपत्रीचं झाकण. शाळा सुटल्यावर त्यांनी मला हाक मारली. बॅग फरशीवर ठेवलेली.

"गुरुजी, उभं राहा हिच्यावर."

मी उभा राहिलो. फळी वाकलीसुद्धा नाही. मी मान डोलावली. निजामभाई तेव्हा लहान पोरासारखे हसले.

मुज्तबानं बॅग अडकवून पाहिली. चार्जरचा कप्पा नेमका मधोमध, फळीच्या बाहेरून, पाठीच्या बाजूला आला होता.

"अब्बा, पाठीला लागून राहिलंय."

"नवं हाय म्हणून. सवय व्हईल."

सवय झालीही. दीड वर्ष ती बॅग त्याच्या पाठीवर होती. पावसात भिजली, दोनदा पडली, लॅपटॉपला काही झालं नाही.

मग डिसेंबर आला, उसाच्या गाड्या सुरू झाल्या. सकाळी नऊच्या सुमाराला मुज्तबा लातूरकडं निघाला होता. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर. त्यातली एक मोळी सुटून रस्त्यावर पसरली. वेग फार नव्हता. चाक उसावरून घसरलं, गाडी एकीकडं गेली आणि तो पाठीवर आदळला. हेल्मेट होतं, डोक्याला खरचटलंसुद्धा नाही. शेजारच्या रानातल्या बाया धावत आल्या.

"मावशी," तो त्यातल्या एकीला म्हणाला, "माझे पाय कुणी धरलेत का?"

कुणीच धरले नव्हते.

लातूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. कमरेच्या वरचा मणका मोडला होता, आतली नस चेचली होती. कमरेखाली ना जाणीव राहिली होती, ना हालचाल. डॉक्टरांनी निजामभाईंना बाजूला घेऊन विचारलं, "पडला तिथं दगड होता का? पाठीखाली काहीतरी कडक आल्यासारखं वाटतंय. खात्रीनं नाही सांगता येणार." मी शेजारीच उभा होतो.

रानातल्या बायांनी बॅग सांभाळून ठेवली होती. घरी आणून लॅपटॉप लावला, तर चालू झाला. भेटायला येणारे म्हणायचे, "चाचा, बॅग लई भारी शिवली तुम्ही. एक ओरखडा न्हाई." मुज्तबाची आई रजियाचाची स्वतःच कौतुकानं सांगायच्या, की पोराचं कामाचं सामान तरी वाचलं. तो विषय निघाला की निजामभाई उठून पाणी आणायला जायचे.

एका दुपारी त्यांच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं दिसलं. मी वाकून आत गेलो. त्यांनी बॅग उसवून समोर पसरली होती. फळ्या शाबूत होत्या. पाठीकडच्या फोममध्ये मात्र चार्जरच्या आकाराचा खड्डा पडला होता. चार्जरच्या मागं फळी असल्यानं त्याला दुसरीकडं जायला जागाच राहिली नव्हती. निजामभाईंनी त्या खड्ड्यात अंगठा ठेवला.

"गुरुजी, कुणाला बोलू नका."

मी बोललो नाही. त्या फळीवर उभं राहून मीही मान डोलावली होती.

मुज्तबाची खाट दुकानामागच्या खोलीत टाकली. कुशीवर पडून तो नकाशे काढायचा. ऑफिसनं चार-सहा महिने काम पाठवलं, मग फोन येणं थांबलं. लघवीची नळी, पडून पडून झालेल्या जखमा धुणं, चादरी बदलणं, सगळं रजियाचाची करायच्या. निजामभाई सकाळी दुकान उघडायचे आणि खोलीचा परदा सारखा करून मशीनवर बसायचे.

दोन वर्षांनी आमच्या भागातल्या तलाठी गीतांजलीबाई दुकानात आल्या. रोज दहा गावं मोटारसायकलवर फिरणारी बाई. मी तिथंच बसलो होतो.

"चाचा, मुज्तबाला शिवली होती तसली बॅग द्या करून. फळीवाली. सरकारी लॅपटॉप हाय, फुटला तर मलाच धरतेत."

"तसली न्हाई शिवत आता."

"मग लातूरला जाते. कुणीतरी देईलच करून."

त्या पायरी उतरायला लागल्या, तसे निजामभाई मशीनवरून उठले.

"थांबा बाई. त्या फळीनंच केलं ते."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. चार्जरचा कप्पा, फोममधला खड्डा, डॉक्टरांचा प्रश्न. आवाज हळू होता, पण परदा दोन हातांवर होता.

आतून मुज्तबा म्हणाला, "अब्बा, परदा बाजूला सारा."

त्यांनी सारला.

"मी बोललो होतो तुम्हाला. पाठीला लागतंय म्हणून."

"हाव."

"सवय व्हईल म्हणालात."

"हाव, बेटा."

"दोन वर्षं तुम्ही माझ्याकडं नीट बघितलं न्हाई. मला वाटायचं, मी असा पडून हाय, त्याची तुम्हाला लाज वाटते."

रजियाचाची खाटेपाशी पातेलं धरून उभ्या होत्या. त्यांना हे सगळं आत्ताच कळत होतं. त्यांनी पातेलं खाली ठेवलं.

गीतांजलीबाईंना जावं की थांबावं कळेना. मुज्तबानंच त्यांना आत बोलावलं.

"ताई, पाठीवर कडक काहीच घेऊ नका. चार्जर न्हाई, कुलूप न्हाई, पाण्याची बाटलीसुद्धा न्हाई. लॅपटॉप पूर्ण बंद करून मागच्या सीटवर ठेवा. खाली जाड फोम, वरून दोन पट्टे, बकलचे. रबर नको. निघताना एकदा हलवून बघा."

त्यानं कागदावर माप घालून चित्र काढलं. निजामभाईंनी त्याप्रमाणे बॅग शिवली. मुज्तबानं पट्ट्याचा टाका दोनदा उसवायला लावला. त्यांनी दोन्ही वेळा उसवला.

त्यानंतर बापलेकांचं सगळं मिटलं, असं मी म्हणणार नाही. मुज्तबा त्यांच्याशी मापाचं आणि कापडाचं बोलतो, बाकी गप्प असतो. रजियाचाची महिनाभर नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. अशा बॅगा न्यायला आता लातूरहूनसुद्धा लोक येतात. तरी कुणी शिलाईचं कौतुक केलं की निजामभाईंचा चेहरा पडतो.

या हिवाळ्यात मुज्तबाच्या कमरेची जखम हाडापर्यंत गेली. ताप उतरेना, दोनदा लातूरला न्यावं लागलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि रजियाचाचींच्या हातांना आता ते झेपत नाही. म्हणून निजामभाई अर्ध्या टाक्यावर मशीन थांबवून उठतात. गिऱ्हाईक थांबून राहतं. ते हात धुतात, एक हात मुज्तबाच्या खांद्याखाली आणि एक गुडघ्याखाली घालतात.

"तीन म्हणल्यावर उचला," मुज्तबा म्हणतो, आणि मोजायला लागतो.