या, बसा, आधी एक सांगते

मिक्सर उघडण्याआधी मावशी त्याला विचारतात, "काय झालं रे तुला?" थोडं थांबतात. मग स्क्रू काढतात.

काढलेले स्क्रू बरणीच्या झाकणात ठेवतात. झाकण कुठे ठेवलं ते विसरतात.

चष्मा डोक्यावर असतो तेव्हा तो टेबलाखाली शोधतात.

फोन ठेवताना तीनदा बजावतात. "ठेवू? ठेवते हं. ठेवला." मग आणखी थोडं बोलतात.

टाइप करायला एकच बोट वापरतात. बाकीची बघत बसतात.

दुकानात कोणी आलं की चालू वाक्य तिथेच सोडतात, "या, बसा" म्हणतात आणि त्या वाक्याकडे पुन्हा फिरकत नाहीत.

मावशी माझ्या कोणी लागत नाहीत. दुरुस्तीला टाकलेला मिक्सर आणायला मी गेले आणि तिथल्या स्टुलावर बसले, ती अजून उठलेली नाही. दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली होतं. मिक्सर, पंखे, इस्त्र्या. उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं, म्हणून गिऱ्हाइकं आपोआप नम्र असायची.

मावशी ब्लॉग लिहितात. नाव 'आवाज येतोय'. प्रत्येक लेख एका आवाजावर. पंखा कटकट करतो तो आवाज. मिक्सर नुसताच गुरगुरतो तो आवाज. ऱ्हस्व-दीर्घ मी बघते, आवाज त्या बघतात.

त्यांच्या नणंदबाई रोज दुपारी दुकानात येऊन बसत. कामाला नव्हे, बोलायला.

"वहिनी, सगळं फुकट शिकवलंत तर गिऱ्हाईक कशाला येईल?"

"वन्सं, केस कसे कापतात ते सगळ्यांना आरशात दिसतं. तरी न्हाव्याकडे जातातच ना?"

मग इमारतीच्या मालकाने सांगितलं की जिन्याखालच्या जागेत लिफ्ट येणार. मावशींना मागच्या गल्लीत, बोळाच्या टोकाला एक खोली मिळाली. रस्त्यावरून ती दिसत नव्हती. पंचाईत अशी, की मावशींचा पत्ताच 'जिन्याखालच्या बाई' असा होता. दुकानाला पाटी नव्हती. जिना गेला की बाई गेल्या.

"ब्लॉगवर टाका की नवीन पत्ता," मी म्हणाले.

"ब्लॉग वाचायला कोणी आलं तर कळेल. मला लोकांकडे जाता आलं पाहिजे."

म्हणून आम्ही नवा लेख ईमेलने पाठवायची सोय केली. ब्लॉगवर एक बटण टाकलं. त्यावर काय लिहायचं ते मावशींनी ठरवलं.

"वर्गणीदार व्हा. आमचे अण्णा मासिकाचे वर्गणीदार होते. शब्दाला वजन आहे."

वजन होतंच. कोणी उचलेना. रंगाच्या दुकानातले दादा समोरून दिसले की फुटपाथ बदलू लागले. शेजारच्या टेलरने एक दिवस टेबलावर नोट ठेवली. "जमेल तेवढं," म्हणाला आणि गेला.

मावशी नोटेकडे बघत राहिल्या. उलगडा नणंदबाईंनी केला.

"घरच्या माणसाकडूनही वर्गणी मागता, वहिनी? जिना विकत घेताय की काय?"

नोट परत गेली. त्याच संध्याकाळी एक बाई इस्त्री ठेवून निघाल्या आणि जाता जाता नेहमीचं बोलल्या, "झाली की हाक मारा." मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी मावशींकडे.

बटणावर आता लिहिलं, 'नवीन लिहिलं की हाक मारा'. खाली बारीक अक्षरात, 'पैसे नाहीत. फक्त ईमेल.'

माणसं वाढू लागली. मावशींनी स्वतःची एक युक्तीही काढली. दुरुस्त मिक्सर चालवून दाखवताना त्या गिऱ्हाइकापुढे आपला फोन धरत. ईमेल लिहा, अशी खूण करत. त्या आवाजात 'नको' ऐकू येत नसे.

"हे बरोबर नाही, मावशी."

"'हवंय ना नक्की?' असा खात्रीचा मेल जातो ना त्यांना? नको असेल त्याने त्यावर बोट लावू नये."

बऱ्याच जणांनी बोट लावलं नाही, कारण मेल स्पॅममध्ये जात होता. मग मावशी फोन करत. "अडगळीत बघा. हो, तिथेच. लॉटरीवाल्याच्या खाली मी आहे."

नंतर आला स्वागताचा मेल. नव्या माणसाला तो आपोआप जातो. मावशी लिहायला बसल्या. 'या, बसा. आधी एक सांगते, मिक्सर' एवढं झालं आणि दारात गिऱ्हाईक आलं. उठता उठता बोट नको त्या बटणाला लागलं असणार. मेल चालू झाला. पुढे चार दिवस जो नवा आला त्याला तो अर्धाच गेला.

मला कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. मग उत्तरं उघडली.

'मिक्सरचं काय?'

'मावशी, पुढे सांगा. मी मिक्सर बंद करून बसले आहे.'

रंगवाल्या दादांचं होतं, 'लवकर कळवा. बायको चटणीसुद्धा वाटू देत नाही.'

मी थक्क झाले. आमच्या एकाही पूर्ण लेखाला इतकी उत्तरं आली नव्हती. आणि ज्याला आपण उत्तर लिहितो त्याचे मेल सहसा अडगळीत पडत नाहीत. मेल तसाच राहू दिला.

जिना सोडायच्या आदल्या दिवशी मावशींनी सगळ्यांना मेल पाठवला. 'उद्यापासून मी मागच्या गल्लीत. टेलरच्या बाजूचा बोळ. दिसत नाही, पण आवाज येतो. आवाजाच्या दिशेने या.'

दुसऱ्या दिवशी मावशींनी दार सताड उघडून रिकामा मिक्सर फिरवत ठेवला. दुपारपर्यंत कोणी आलं नाही. नणंदबाई सारख्या बोळाच्या तोंडाशी जाऊन बघून येत होत्या. मावशी मिक्सर बंद करायच्या, कान द्यायच्या, पुन्हा चालू करायच्या.

मग बोळातून एक बाई आल्या. हातात टॉवेलात गुंडाळलेला मिक्सर.

"काय झालं याला?"

"काही नाही. चांगला आहे. पण तुम्ही काहीतरी सांगणार होतात ना?"

त्यांच्या मागे रंगवाले दादा होते. त्यांच्या मागे आणखी कोणी. नणंदबाई उठून स्टुलं लावू लागल्या. "या, या, बरोबर आलात, वहिनींचंच दुकान," असं दारातून ओरडतही होत्या.

गर्दी ओसरल्यावर मी विचारलं, "मावशी, खरंच, काय सांगणार होतात?"

मावशींनी डोक्यावरचा चष्मा टेबलाखाली शोधला. मग विचार केला.

"आठवत नाही गं."

"अहो, तो मेल अजून जातोय!"

"मग पूर्ण करून टाकू. आण इकडे."

त्यांनी बोट उचललं. 'मिक्सर'च्या पुढे अक्षर आलं, 'च'. त्याला मात्रा द्यायची होती.

दारात एकजण टेबलफॅन घेऊन उभा राहिला.

"या, बसा," मावशी म्हणाल्या.