बारा घरांची किल्ली

'कुठलीही गोष्ट एकाच्या हातात ठेवू नये' हे तत्त्व फार थोर आहे. आमच्या आळीत ते एकच गृहस्थ पाळत, आणि त्यामुळे बरेचदा स्वतःच्याच फाटकाबाहेर कुंपणाच्या गडग्यावर बसलेले दिसत.

जन्म बोटीवर काढलेले हे काका आमचे शेजारी. बाहेर पडताना फाटकाची किल्ली एका घरी ठेवत, दाराची दुसऱ्या. एकदा फाटकाच्या किल्लीवाले लग्नाला लांज्याला गेले. मी म्हटलं, "काका, गडग्यावर बसलाच आहात, तर पलीकडे पाय टाका."

"मग फाटक कशाला केलं?"

काकू वारल्यावर पुण्याची लेक आली. काका बोटीवर असताना काकू पत्राऐवजी कॅसेट भरून धाडत. त्या कॅसेटींना बुरशी लागली होती. वाचलं तेवढं लेकीने इंटरनेटवर ठेवलं, तेही कुणा एका कंपनीकडे नाही, तर जगभरच्या हजार संगणकांत विखरून. किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ते हरवले तर कुणीच उघडून देणार नाही आणि ते कुणालाही सांगायचे नाहीत, असं तिने तीनदा बजावलं.

मालकच नसलेली जागा काकांना फार आवडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बारा चिठ्ठ्या केल्या, देवळापासून विहिरीपर्यंत बारा घरी क्रमाने एकेक शब्द दिला आणि मूळ कागद बंबात घातला. आम्हाला 'कॅबेज' आला, समोरच्या वहिनींना 'रॉयल'. वहिनींनी ते गुपित दोन दिवस पाळलं.

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, जगाला वाटून आलात?"

"जगाला कुठे? आळीला. एकट्या कुणाला उघडता येतंय का, सांग."

संगणक शिकलेल्या त्या मुलीने विषय बदलून जेवणाचं विचारलं.

यंदा काका गेले. दिवस झाल्यावर लेक चिठ्ठ्या मागत दारोदार फिरली. कॅसेटी केव्हाच टाकल्या होत्या. तिच्या आईचा आवाज आता आमच्या बारा घरांत होता. कुणी तांदळाच्या डब्यातून चिठ्ठी काढली, कुणी रेशनकार्डातून. नवव्या घरच्या आजींनी ती देवात ठेवली होती. रोजच्या हळदकुंकवाखाली शेवटची दोनच अक्षरं उरली होती. लेकीचे चार अंदाज चुकले. पाचव्याला उघडलं.

सगळी आळी पडवीत जमली. वहिनींनी पदर आधीच डोळ्यांना लावला. खरखरीतून काकूंचा तरुण आवाज आला:

"जाताना कपाटाची किल्ली कुणाकडे ठेवलीत, ते लगेच कळवा. आठ दिवस एकच लुगडं धुऊन नेसत्ये."

कॅसेट बोटीवर पोचायला त्या काळी दीड महिना लागे.